सासूबाईंची किल्ली

१६ जानेवारी १९९४, रविवार

मीनलचा साखरपुडा झाला. झाला म्हणायचं आपलं. पेढे वाटले, अंगठ्या झाल्या, फोटो निघाले आणि एकाही फोटोत मुलीचा बाप नाही. बाप समोरच्या टपरीवर चहा पीत उभा. का, तर मोठे भावजी म्हणाले, "चिंतू, टोपी घाल, पाहुणे आलेत." झालं. यांनी टोपी टेबलावर ठेवली आणि जिना उतरून गेले. हॉलच्या खिडकीतून सगळ्यांना दिसत होते. कळूनसवरून दिसतील असेच उभे राहिले होते.

गुरुदत्त मुलगा चांगला आहे. बँकेत आहे, अंबरनाथला स्वतःचं घर आहे, निर्व्यसनी आहे. चूक एवढीच झाली की हे सगळं मी यांच्यासमोर बोलून गेले. मी नाक मुरडलं असतं तर हे स्वतः अंबरनाथला जाऊन लग्न ठरवून आले असते.

विहीणबाई निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "एक सांगते, राग मानू नका. बाप हयात असताना काकाने कन्यादान केलेलं आमच्याकडे बरं दिसत नाही. चिंतामणरावांनाच बसवा." मी हो म्हणून बसले. मग घरी भांडी आवरताना मीनल आली. "आई, दागिने कमी घाल, चालेल मला. बाबांना तेवढं माझ्या लग्नात बसव." एवढी बावीस वर्षांची घोडी, पण माझा पदर धरून उभी. तिचा बाप आतल्या खोलीत पेपर वाचत होता, उलगडून, तोंड झाकून.

यांच्या कारखान्यातून दरवर्षी डायरी मिळते, तिच्यात मी पापड-कुरडयांची प्रमाणं लिहिते. यंदा हे लिहितेय. कुणाजवळ बोलायची सोय राहिलेली नाही.

१८ जानेवारी, मंगळवार

सासूबाईंची फार आठवण येते. लग्न होऊन मी कुळगावला आले, त्या आठवड्यातच त्यांनी मला मोरीपाशी गाठून सांगितलं, "चिंतूकडून हो हवं असेल तर नको म्हणायचं. जेव म्हटलं की उठतो, जेवू नकोस म्हटलं की पाट ओढतो. लहानपणापासून असाच वाढवलाय मी त्याला." मंगळसूत्र सोनाराने घडवलं, पण संसाराची किल्ली मला सासूबाईंनी दिली.

चोवीस वर्षं ती फिरतेय. "कात्रपला कोण राहायला जातं, रान आहे नुसतं," मी म्हणाले म्हणून हा फ्लॅट झाला. "गॅस कशाला, स्टोव्ह बरा," मी म्हणाले म्हणून गॅस आला. मीनल तर पाच वर्षांची असल्यापासून शिकली. "बाबा, मला नाही जायचं जत्रेला," म्हणायची आणि खांद्यावर बसून जत्रेला जायची. या घरात सरळ बोलतो तो फक्त कुकर.

लग्न बावीस मेला आहे. किल्ली आहे माझ्यापाशी. पण साखरपुड्याला भावजी मध्ये बोलले आणि घात झाला, तसं पुन्हा व्हायला नको.

३ फेब्रुवारी, गुरुवार

आता हे नवीन. यांना कारखान्यातून घरी पाठवलंय. मॅनेजर म्हणाला, पिंपांवर हे लेबल लावा. हे म्हणाले, आतला माल वेगळा आहे, मी केमिस्ट आहे, मी लावणार नाही. पिंपं फाटकाशी पडून राहिली, ट्रक परत गेला. मोठ्या साहेबांनी बोलावलं तर यांनी खुर्चीत बसायलासुद्धा नकार दिला. शेवटी साहेब म्हणाले, मानसोपचारवाल्यांची चिठ्ठी आणा आणि मग कामावर या.

यांचं म्हणणं काय, तर "एकदा लेबल खोटं निघालं की त्या कारखान्याचा खरा मालसुद्धा कुणी घेत नाही." अहो, लेबल कारखान्याचं, पिंप कारखान्याचं, आपलं काय जातं? लावायचं चिटोरं आणि मोकळं व्हायचं. लग्न तोंडावर आलंय आणि यांना पिंपांचा पुळका.

चौकशी केली. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एक सिंधी डॉक्टर आहेत, गिडवाणी म्हणून. मी यांना म्हणाले, "काहीही करा, पण त्या वेड्यांच्या डॉक्टरकडे जायचं नाही. लोक काय म्हणतील." मंगळवारी जायचं म्हणून आजच शर्टाला इस्त्री करून ठेवलीय. अशी फिरते किल्ली.

८ फेब्रुवारी, मंगळवार

दवाखाना माडीवर, खाली सगळी दुकानं. जिन्यात कापडाचे गठ्ठे ओलांडून जावं लागलं. डॉक्टर पन्नाशीचे, चष्मेवाले, बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. यांना आधी तासभर आत घेतलं. मग यांना बाहेर बसवून मला.

मी सगळं सांगितलं. किल्लीचंही सांगितलं, जरा अभिमानानेच सांगितलं. डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. म्हणाले, "भाभी, ये बंद करना पड़ेगा." मला वाटलं, चेष्टा करतात. पण नाही. म्हणाले, "याला हट्ट समजू नका. कुणी काही सांगितलं की यांच्या आत पहिले 'नाही' उठतो, विचार बाद में आता है. पुस्तकात या आजाराला नाव आहे, पण ते लहान मुलांच्या पानावर लिहिलंय. मुलगा मोठा झाला की लोक म्हणतात, स्वभाव आहे. मग उपचार कोण करणार?"

मी म्हणाले, "स्वभावच आहे, डॉक्टर. स्वभावाला औषध नाही." ते म्हणाले, "ज्याला लहानपणापासून प्रत्येक शब्द उलटा मिळाला, तो काय बोलणार? त्याच्याकडे 'नाही' सोडून स्वतःचं काय राहिलं?" आता हे काय बोलणं झालं? सासूबाईंनी जेवू घातलं, ते उपाशी ठेवण्यासाठी?

मग यांना आत बोलावलं. डॉक्टरांनी यांना विचारलं, नाही म्हटल्यावर बरं वाटतं का? हे म्हणाले, "नाही वाटत. परत फिरायला रस्ता राहत नाही." चोवीस वर्षांत मला कधी हे सांगितलं नाही, आणि परक्या माणसाला सांगून मोकळे.

डॉक्टरांनी आम्हा दोघांकडून शब्द घेतला. मी सरळ बोलायचं, जे हवं तेच आणि थोडक्यात. यांनी सरळ ऐकायचं, सांगितलं तसं, रोज निदान एक गोष्ट. आतून उसळी आली तर बोलायच्या आधी एक ग्लास पाणी प्यायचं. हे "बरं" म्हणाले. मीही शब्द दिला. डॉक्टरांचं लग्न झालं असेल, पण यांच्याशी झालेलं नाही, एवढंच मनात म्हटलं.

२७ फेब्रुवारी, रविवार

सरळ बोलायला लाज वाटते. खरंच वाटते. सकाळी मी म्हणाले, "मेथी आणा, दोन जुड्या." वाक्य तोंडातून निघालं आणि मलाच ओशाळं झालं, जणू परपुरुषाशी बोलतेय. यांचा चेहरा ताठ झाला. मग उठले, माठातलं पाणी प्यायले, पिशवी घेतली आणि दोन जुड्या मेथी घेऊन आले. पालक नाही, एक जुडी नाही. मेथी, आणि दोनच.

मला भीतीच वाटली. काकूंना, म्हणजे शेजारच्या काशीकाकूंना, म्हणाले, "बघा हो जरा, यांना बरं नाहीये का?"

कारखान्याने चिठ्ठी घेतली, कामावर परत घेतलं. पण प्रयोगशाळेतून उचलून गोदामात टाकलं. हे डबा घेऊन गोदामात जातात. आधीच्या काळी असते तर राजीनामा तोंडावर फेकून आले असते. पाणी पिऊन पिऊन माणूस विझत चाललाय असं मला वाटतं.

१६ मार्च, बुधवार

आज चहा घेताना आपणहून म्हणाले, "आई म्हणायची, जेवू नकोस. मी जेवायचो. पण प्रत्येक घासाला वाटायचं, ती खरंच नको म्हणत असली तर?"

मी म्हणाले, "अहो, आई आपल्या लेकराला जेवू नको कशी म्हणेल?"

"तेच," म्हणाले. आणि कप विसळून ठेवला. कप विसळायला मी सांगितलं नव्हतं. या डॉक्टरी खुळाने माणूस भलतंसलतं आठवत बसतो. लग्नाला दोन महिने राहिलेत, घरात चुन्याचा हात फिरवायचाय, आणि हे पन्नास वर्षांपूर्वीचे घास मोजतायत.

११ एप्रिल, सोमवार, पाडवा

गुढी यांनी उभारली. मी सरळ म्हणाले होते, "गुढी तुम्ही उभारा." पाणी न पिता उठले. साखरेची गाठी बांधताना मीनलला म्हणाले, "पुढच्या वर्षी तू अंबरनाथला उभारशील." पोरगी रडत आत गेली, आनंदाने.

ती मला म्हणते, "आई, बाबा बदललेत. आता त्यांना सरळ विचार ना कन्यादानाचं." मी म्हणाले, गुढी वेगळी, कन्यादान वेगळं. गुढी चुकली तर बांबू पडेल. इथे विहीणबाई, चारशे माणसं, आणि तुझा जन्म. विचारलं आणि "नाही" म्हणाले की संपलं, तो शब्द परत फिरत नाही. ती म्हणाली, "मग मी विचारू?" मी तिला शपथ घातली. पोरींना काय कळतं यांचं.

१२ मे, गुरुवार

उल्हासनगरला डॉक्टरांकडे एकटेच गेले होते, येताना कागदात गुंडाळलेलं काहीतरी आणलं. कपाटात माझ्या साड्यांखाली ठेवलं. आंघोळीला गेले तेव्हा मी पाहिलं. रेशमी सोवळं आहे, लाल काठाचं, नवं कोरं. उपरणंही आहे.

कशासाठी आणलं असेल, मी विचारलं नाही. विचारलं की फेकून देतील. तसंच घडी मोडू न देता परत ठेवलं.

१५ मे, रविवार

मोठे भावजी आणि जाऊबाई आले होते. भावजींना राहवलं नाही. "हे बघ चिंतू, तू शेवटच्या घटकेला तोंडघशी पाडणार असशील तर आत्ताच सांग. मी आणि नीलिमा बसू. पण कुटुंबाची शोभा नको." झालं, जे व्हायला नको तेच. यांच्या मानेच्या शिरा फुगल्या. उठले, पाणी प्यायले, अजून एक ग्लास प्यायले. "पाहुणे आहात, जेवून जा," एवढंच म्हणाले आणि गॅलरीत गेले.

हो नाही, नाही नाही. याचा अर्थ काय लावायचा? पूर्वी निदान माणूस कळत तरी होता. साखरपुड्यालाही भावजींच्याच एका वाक्याने घोटाळा केला होता. आता हे मनात धरून बसणार आणि ऐन मुहूर्ताला टपरीवर जाणार. मला अन्न गोड लागत नाही.

२१ मे, शनिवार

ग्रहमख सकाळी झालं, हे पूजेला बसले, गुरुजी सांगतील तसं करत होते. पण चेहऱ्यावर काही नाही. दुपारी मीनलच्या हातावर बायका मेंदी काढत होत्या, तेव्हा दारात उभं राहून बघत होते. मी विचारलं, काय हवंय? "काही नाही," म्हणाले.

माझ्याने राहवेना. कन्यादान हे काही मेथी नाही. डॉक्टरांना दिलेला शब्द एकदा मोडला तर काय होतं? सासूबाईंचा उपाय चोवीस वर्षं चुकला नाही. हेच शेवटचं, पुन्हा कधी नाही, असं देवापुढे म्हटलं आणि यांना आतल्या खोलीत गाठलं.

मी म्हणाले, "उद्या तुम्ही येऊ नका. कन्यादानाला भावजी बसतील. तुमच्यावाचून काही अडलेलं नाही."

माझ्याकडे पाहत राहिले. पाण्याचा तांब्या शेजारीच होता, तो उचलला, प्यायले. मग विचारलं, "नक्की?"

मी डोळ्याला डोळा भिडवून म्हणाले, "नक्की."

"बरं," म्हणाले.

"नक्की" विचारलं म्हणजे लागलंय मनाला. आता उद्या बघा, माझ्याआधी हॉलवर हजर असतील आणि भावजींना पाटावरून उठवतील. कित्येक दिवसांनी छातीवरचा धोंडा उतरला. आज झोप लागेल.

२२ मे, रविवार

आले नाहीत.

२४ मे, मंगळवार

आज लिहायला बसतेय.

सकाळी बस आली तेव्हा हे दाढी करत होते. मी मुद्दामच काही बोलले नाही. सगळी निघालो. हॉल कुळगावातच, रिक्षाने जेमतेम दहा मिनिटं. माझा एक डोळा दाराकडे. मुहूर्त जवळ आला. गुरुजी म्हणाले, "मुलीच्या वडलांना बोलवा." विहीणबाई माझ्याकडे बघतायत. भावजी म्हणाले, "मी स्कूटर घेऊन जातो, पाया पडून आणतो त्याला." आणि मी, मी स्वतः, भावजींचा हात धरून थांबवलं. म्हणाले, "बोलवायला गेलात तर मुळीच येणार नाहीत. मला माहीत आहेत हे. शेवटच्या क्षणी येतील."

शेवटचा क्षणही गेला. भावजी आणि जाऊबाई पाटावर बसले. मीनलने मान वर केली नाही. पाठवणीला रडलीसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, "आई, तू प्रयत्न केलास ना?" मी हो म्हणाले.

घरी आले तर दार सताड उघडं. हे खुर्चीत बसलेले. अंगावर ते लाल काठाचं सोवळं, खांद्यावर उपरणं, कपाळाला गंध. तसेच, सकाळपासून. गंध घामाने ओघळून भुवईपर्यंत आलं होतं.

मी ओरडले. जे तोंडात आलं ते बोलले. चारशे माणसांत नाक कापलंत म्हणाले, तुम्ही बाप नाही म्हणाले. यांनी बोलू दिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "तू म्हणालीस, येऊ नका."

"अहो, पण ते..."

"मी विचारलं, नक्की? तू म्हणालीस, नक्की."

काशीकाकू दारात उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं, "दोनदा जिना उतरून फाटकापर्यंत गेले हो, आणि दोनदा परत आले. मी म्हटलं, जा ना भाऊ. तर म्हणाले, शब्द दिलाय."

काकू गेल्यावर मी खाली जमिनीवर बसले. हे म्हणाले, "आई उलटं बोलायची, ते मला कळायचं, कुमुद. तुझंही कळायचं. पहिल्या वर्षापासून. तुला काय हवंय ते त्यातूनच तर कळायचं, म्हणून तसं करायचो. चिडायचो, पण करायचो. मग डॉक्टरांनी सांगितलं, ओळखत बसू नका, जसं सांगतील तसं ऐका, त्या आता सरळ बोलणार आहेत. तू माझ्यासमोर हो म्हणालीस. मी काल रात्रभर विचार केला, हे उलटं की सुलटं. उलटं धरावं तर तुझा शब्द खोटा. मग मी तुझा शब्द खरा धरला."

यांना सगळं माहीत होतं. चोवीस वर्षं मला वाटत होतं, किल्ली माझ्या हातात आहे.

१९ जून, रविवार

मीनल माहेरपणाला आली नाही. गुरुदत्त एकटा येऊन गेला, तिला जमलं नाही म्हणाला. मी काल अंबरनाथला गेले. मीनलने चहा दिला, पाया पडली, सगळं रीतसर. मग म्हणाली, "बाबा आले नसते तरी मला सवय होती गं. पण काका आणायला निघाले होते आणि तू त्यांना अडवलंस. नीलिमाकाकूंनी सांगितलं मला."

मी तिला सगळं खरं सांगितलं, किल्लीचं, शब्दाचं, सोवळ्याचं. तिने ऐकून घेतलं. "म्हणजे बाबा येणार होते," म्हणाली. आणि आत निघून गेली. पुष्कळ वेळ बाहेर आली नाही, तेव्हा विहीणबाईंनी मला रिक्षा बघून दिली.

हे डॉक्टरकडे जायचे बंद झालेत. मीच परवा गेले. डॉक्टर चिडले नाहीत, त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाले, "भाभी, वो तो ठीक हो रहे थे." पुढे काय करू विचारलं. म्हणाले, सरळ बोला, रोज, त्यांनी विश्वास ठेवला नाही तरी. किती दिवस, ते त्यांनाही सांगता येईना.

३ जुलै, रविवार

हे आता नाही म्हणत नाहीत. हो पण म्हणत नाहीत. जेवायला वाढलं की विचारतात, "नक्की?" छत्री घ्या म्हटलं की दारात उभे राहून विचारतात, "नक्की?" टोमणा नाही तो. टोमणा असता तर मी सोसला असता. खरंच विचारतात. कारखान्यातल्या त्या पिंपांकडे बघत असतील तसे माझ्याकडे बघतात.

ते सोवळं मी धुऊन, घडी करून कपाटात ठेवलंय. साड्यांखालीच.

आज दुपारी मनाचा हिय्या केला. आयुष्यात कधी बोलले नव्हते ते बोलायचं ठरवलं. जवळ गेले आणि म्हणाले, "मला तुम्ही हवे आहात. त्या दिवशीही हवे होतात. माझ्याजवळ बसा."

त्यांनी वर पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं. विचारलं, "नक्की?"

मी म्हणाले, "नक्की." आणि माझं मलाच ऐकू आलं. तोच शब्द, तोच आवाज, डोळ्याला डोळाही तसाच भिडवलेला. आजचा खरा आणि तो खोटा, हे या माणसाने कशावरून ओळखायचं, ते मला सांगता येईना. ते थोडा वेळ वाट बघत थांबले. मग उठले, पाणी प्यायले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.